पोटाच्या गोळीपलीकडे

मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे. हा मणक्याचा आणि कंबरेखालच्या सांध्यांचा संधिवात. तो विश्रांतीने वाढतो, हालचालीने सैल होतो आणि पहाटे पाठ आखडवून झोप मोडतो. या आजारात सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या हा उपचाराचा पहिला टप्पा असतो. डायक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन, इंडोमेथॅसिन, अ‍ॅसेक्लोफेनॅक, एटोरीकॉक्सिब ही नावं माझ्यासारख्या रुग्णांच्या तोंडी घरच्या माणसांच्या नावांइतकी सहज येतात. त्यामुळे या गोळ्या विषासमान आहेत असं म्हणण्याची चैन मला परवडत नाही, आणि त्या निरुपद्रवी आहेत असं मानणं तर त्याहून परवडत नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या आधाराने जगताना मला एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. आपल्याकडे या गोळ्यांपासून शरीर जपायचं म्हणजे दोनच गोष्टी करायच्या, असं ठरून गेलं आहे: गोळी जेवणानंतर घ्यायची आणि तिच्याबरोबर गॅसची गोळी घ्यायची. दवाखान्यात बहुतेकदा एवढंच सांगतात, मेडिकलवाला एवढंच सांगतो, गुडघे दुखणारी शेजारीण दुसरीला हेच सांगते. माझं म्हणणं असं की हे संरक्षण अपुरं आहे, आणि अपुरं असून पुरेसं वाटतं म्हणून ते जास्त घातक आहे. खरं संरक्षण गोळी तोंडात टाकण्याआधीच ठरलेलं असतं. किती घ्यायची, किती दिवस घ्यायची, कोणत्या वयाच्या आणि कोणत्या आजारांच्या शरीरात ती जाणार आहे, त्या वेळी त्या शरीरात पाणी पुरेसं आहे का, आणि तिथे दुसरी कोणती औषधं आधीच काम करत आहेत, या प्रश्नांच्या उत्तरांवर ते अवलंबून असतं.

हे पटण्यासाठी गोळी शरीरात नेमकं काय करते ते पाहावं लागतं. अ‍ॅस्पिरिन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून जगभर विकलं जात होतं, पण ते दुखणं कसं थांबवतं हे कुणाला सांगता येत नव्हतं. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन वेन यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. या संशोधनासाठी त्यांना १९८२ चं नोबेल पारितोषिक इतर दोघांबरोबर विभागून मिळालं. प्रोस्टाग्लँडिनमुळे सांधा सुजतो, लाल होतो, दुखतो, ताप चढतो. ती कमी झाली की आराम पडतो. पण हीच द्रव्यं जठराच्या अस्तरावर चिकट थर तयार करवतात, तिथला रक्तपुरवठा टिकवतात, मूत्रपिंडात जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात आणि रक्त गोठण्याच्या क्रियेचा तोल सांभाळतात. म्हणजे गोळीचा गुण आणि गोळीचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. गुडघ्यात जी क्रिया आपल्याला हवी असते तीच क्रिया जठरात आणि मूत्रपिंडात नको असते, आणि गोळीला गुडघा कुठला नि जठर कुठलं हे कळत नाही. म्हणूनच इंजेक्शन घेतलं तर पोटाला त्रास होणार नाही, ही समजूत चुकीची आहे. औषध दंडातून जावो की तोंडातून, रक्तात मिसळल्यावर ते जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यं कमी करणारच. जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होऊ शकते, पण व्रण होण्याचं मूळ कारण जेवणाने दूर होत नाही. गोळीवरचं आवरण आतड्यात विरघळणारं असलं तरी हाच नियम लागू होतो.

आता गॅसच्या गोळीबद्दल. मी तिच्या विरोधात नाही. ओमेप्रझोल, पँटोप्रझोल, रॅबेप्रझोल या गटातली औषधं जठरातलं आम्ल खूप कमी करतात आणि जठराचे व ग्रहणीचे व्रण टाळण्यात त्यांचा उपयोग निःसंशय सिद्ध झालेला आहे. पासष्टी ओलांडलेली माणसं, पूर्वी व्रण झालेला किंवा पोटात रक्तस्राव झालेला रुग्ण, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारं औषध घेणारी व्यक्ती यांनी वेदनाशामक घ्यावंच लागलं तर यांतली एखादी गोळी सोबत असायलाच हवी. पण त्याच नावाखाली आपल्याकडे बरंच काही खपतं. पुदिन्याच्या चवीचं पातळ औषध चमचाभर घेतलं की जळजळ थांबते, व्रण थांबत नाही. नेहमीच्या मात्रेतल्या रॅनिटिडीनसारख्या जुन्या गोळ्या ग्रहणीचं काही प्रमाणात रक्षण करत, पण जठराच्या व्रणांपुढे त्या अपुऱ्या पडत. आणि ओमेप्रझोलच्या गटाचा अंमल आम्ल जिथे पाझरतं त्या भागापुरताच असतो. त्याखाली कित्येक फूट लांबीचं लहान आतडं आहे, तिथे आम्ल नाही, त्यामुळे आम्ल कमी करून तिथल्या जखमा टळत नाहीत. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँडोर नावाच्या चाचणीत हे स्वच्छ दिसलं. साडेचार हजारांच्या आसपास संधिवाताच्या रुग्णांपैकी निम्म्यांना कॉक्सिब गटातलं सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक दिलं आणि निम्म्यांना डायक्लोफेनॅकसोबत ओमेप्रझोल दिलं. सहा महिन्यांत रक्तस्राव किंवा आतड्यातून गुपचूप रक्त जाऊन हिमोग्लोबिन लक्षणीय घटणं अशा घटना पहिल्या गटात ०.९ टक्के लोकांत आढळल्या, दुसऱ्या गटात ३.८ टक्के. गॅसची गोळी सोबत असतानाचा हा आकडा आहे.

यातली आणखी वाईट गोष्ट अशी की हे व्रण अनेकदा दुखतच नाहीत. जी गोळी सांध्याची वेदना दाबते ती पोटाचीही दाबते. पोट दुखत नाही म्हणजे पोट ठीक आहे, हा हिशेब या औषधांच्या बाबतीत लागू पडत नाही. पुष्कळ रुग्णांना पहिली सूचना मिळते ती डांबरासारख्या काळ्या शौचाने, किंवा जिना चढताना लागलेल्या धापेने, किंवा तपासणीत निघालेल्या नऊ-दहा हिमोग्लोबिनने. बायकांच्या बाबतीत तर हिमोग्लोबिन कमी असणं इतकं गृहीत धरलेलं असतं की लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि रक्त कुठून जातं आहे हे विचारायचं राहून जातं. संधिवाताच्या बाईचं हिमोग्लोबिन घसरत असेल तर तिला आधी कोणती दुखण्याची गोळी किती दिवस चालू आहे हे विचारलं पाहिजे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचाही इथे संबंध आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना ज्या शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं तो हाच जंतू, आणि भारतात तो फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो पोटात असताना वेदनाशामक सुरू झालं की व्रणाची शक्यता दोन्ही बाजूंनी वाढते. दीर्घकाळ गोळी घ्यावी लागणार हे माहीत असेल, आणि पूर्वी व्रण होऊन गेलेला असेल, तर आधी या जंतूची तपासणी करून त्याचा नायनाट करून घेणं शहाणपणाचं ठरतं. हे काम कुठलीही गॅसची गोळी करत नाही.

पोटावर इतकी चर्चा होते आणि मूत्रपिंडाबद्दल इतकी शांतता असते, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. निरोगी, भरपूर पाणी प्यालेल्या तरुण माणसाच्या मूत्रपिंडाला प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरज पडत नाही. गरज पडते ती शरीर अडचणीत असताना. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हात घाम गाळला, ताप आला, हृदय कमकुवत झालं, म्हणजे मूत्रपिंडाकडे येणारं रक्त कमी होतं. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन आत येणारी रक्तवाहिनी रुंद करून गाळण चालू ठेवतात. नेमक्या त्या वेळी अंग दुखतं म्हणून गोळी घेतली की ही सोय बंद पडते. याच्या जोडीला बीपीची गोळी आली की चित्र अजून बिघडतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या औषधांनी मूत्रपिंडातून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल होते, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीने शरीरातलं पाणी कमी होतं. आत येणारं कमी, बाहेर जाणारं मोकळं, आणि एकूण साठाच घटलेला, अशा तिहेरी कात्रीत गाळणाचा दाब पडतो. २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख रक्तदाबाच्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या होत्या. ही तीन औषधं एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंड अचानक बिघडण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि पहिल्या ३० दिवसांत ते ८२ टक्क्यांनी जास्त होतं. पहिल्या महिन्याचा हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'चार दिवसांपुरतीच तर घेतो' या युक्तिवादाला तो थेट उत्तर देतो. आणि आपल्याकडे टेल्मिसार्टन व लघवी वाढवणारं औषध एकाच गोळीत मिळतं. रुग्ण म्हणतो, मी बीपीची एकच गोळी घेतो. त्या एका गोळीत तिघांपैकी दोघं आधीच बसलेले असतात, तिसरा कंबर धरली म्हणून मेडिकलमधून येतो.

ही औषधं मूत्रपिंडाला काय करू शकतात याचा सगळ्यात भीषण पुरावा माणसांत नाही, गिधाडांत आहे. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि यूरिक आम्लाचे पांढरे थर अवयवांवर साचून ती मेली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली, २०१५ मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या बंद होऊन तीन मिलिलिटरची एकदाच वापरायची कुपी आली, आणि २०२३ मध्ये अ‍ॅसेक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेनही जनावरांसाठी बंद झाली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, आणि हा दाखला मी घाबरवण्यासाठी देत नाही. मात्र त्यातली एक गोष्ट आपल्यालाही लागू आहे. त्याच गटातलं मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. म्हणजे कोणतं औषध कोणत्या शरीरात जातं यावर सगळं ठरतं. माणसांतही सत्तरीची आजी आणि तिचा तिशीचा नातू यांची शरीरं या गोळीच्या दृष्टीने एक नव्हेत, आणि नातवाला लागू पडलेली गोळी आजीला देताना हे विसरलं जातं.

हृदयाची गोष्ट वेगळ्या वाटेने उघड झाली. पोटाला कमी त्रास देणारं औषध शोधताना १९९९ मध्ये रोफेकॉक्सिब बाजारात आलं. आठ हजारांहून जास्त रुग्णांच्या व्हिगोर चाचणीत पोटाचा त्रास नेप्रॉक्सेनच्या निम्म्यावर आला, हे खरंच होतं. पण त्याच चाचणीत हृदयविकाराचे झटके रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांत जास्त दिसले: ०.४ टक्के विरुद्ध ०.१ टक्का. त्या वेळी स्पष्टीकरण असं दिलं गेलं की नेप्रॉक्सेन हृदयाचं रक्षण करत असेल, म्हणून फरक दिसतो. पुढच्या चाचणीत तुलना रिकाम्या गोळीशी होती, आणि तिथेही झटके जास्त निघाल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये औषध जगभरातून मागे घेतलं गेलं. भारतात त्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बंदी आली. यातून अनेकांनी निष्कर्ष काढला की नवी औषधं वाईट, जुनी चांगली. पुरावा तसं म्हणत नाही. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी शेकडो चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा कॉक्सिब गटाबरोबर जुनं, घरोघरी पोचलेलं डायक्लोफेनॅकही हृदय आणि मेंदूच्या गंभीर झटक्यांचा धोका सुमारे एक तृतीयांशाने वाढवताना दिसलं. नेप्रॉक्सेनमध्ये ती वाढ दिसली नाही, पण पोटाचा त्रास त्यात जास्त होता. आणि हृदय कमकुवत होऊन रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण तपासलेल्या सगळ्याच औषधांत दुपटीच्या आसपास वाढलं. याखेरीज ही औषधं शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रक्तदाब चढतो. बीपीची गोळी वाढवूनही आकडा खाली येत नसेल तर दुखण्याच्या गोळीची चौकशी आधी व्हायला हवी. हृदयासाठी रोज लहान मात्रेत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आयब्युप्रोफेन आधी घेतलं तर ते अ‍ॅस्पिरिनची जागा अडवतं आणि अ‍ॅस्पिरिनचा उपयोग कमी होतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००६ मध्ये सुचवलं की आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिननंतर निदान अर्ध्या तासाने किंवा त्याच्या आठ तास आधी घ्यावं. किती घरांत हे कुणी सांगितलेलं असेल?

म्हणून माझं मत असं बनलं आहे की 'सगळ्यात सुरक्षित गोळी कोणती?' हा प्रश्नच अर्धा आहे. पोट नाजूक असेल तर उत्तर एका बाजूला झुकतं, हृदय नाजूक असेल तर दुसऱ्या बाजूला, आणि मूत्रपिंड नाजूक असेल तर बहुतेक वेळा यातलं काहीच नको असं उत्तर येतं. दमा आणि नाकातल्या गाठी असलेल्या काही जणांना या गटातल्या कुठल्याही गोळीने जीवघेणी धाप लागू शकते. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्यांनी गर्भाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल घटू शकतं. पावसाळ्यातल्या तापात डेंग्यूची शंका असेपर्यंत अंगदुखीवर ही गोळी घ्यायची नाही, कारण बिंबिका आधीच घटत असतात आणि रक्तस्रावाची भीती वाढते; तिथे पॅरासिटामॉलच. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक आम्लाबद्दल भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाने नोव्हेंबर २०२३ मध्ये इशारा दिला होता की क्वचित त्यातून ताप, पुरळ आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. अशी प्रतिक्रिया विरळ असते, पण गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी अंगावर पुरळ आलं तर ते गोळीशी जोडून पाहायचं असतं, एवढं तरी घेणाऱ्या मुलीला माहीत हवं.

सगळ्यात जास्त गोंधळ नावांचा आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरात व्यापारी नाव असतं, औषधाचं नाव बारीक. हाडांच्या डॉक्टरांनी एका नावाने अ‍ॅसेक्लोफेनॅक दिलेलं असतं, दातांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने डायक्लोफेनॅक, आणि घरात डोकेदुखीसाठी आयब्युप्रोफेन पडलेलं असतं. तिन्ही एकाच दिवशी पोटात जातात आणि कुणालाही वाटत नाही की आपण एकच गोष्ट तीनदा केली. दोन वेदनाशामकं एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो. त्यात आपल्याकडे दोन-तीन औषधं एका गोळीत कोंबण्याची हौस आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्रणांवर बंदी घातली, त्यात अ‍ॅसेक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम ही गोळीही होती. पण कितीतरी मिश्रणं अजून विक्रीला आहेत, आणि त्यातल्या पॅरासिटामॉलची मोजदाद कुणी ठेवत नाही. याहून काळजीची गोष्ट म्हणजे बिनलेबलाच्या पुड्या. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सांधेदुखीच्या चूर्णांत स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक मिसळलेलं तपासण्यांत सापडलेलं आहे. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र आल्यावर व्रणाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि ज्याने चूर्ण घेतलं त्याला आपण यांपैकी काही घेतलं हेही माहीत नसतं. जे चूर्ण दोन दिवसांत जादूसारखा आराम देतं त्याच्यावर संशयच घ्यावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की लाखो लोक या गोळ्या घेतात आणि त्यांना काहीही होत नाही. हे खरं आहे. ऑक्सफर्डच्या त्याच हिशेबाप्रमाणे मध्यम धोक्याच्या १,००० लोकांनी मोठ्या मात्रेत वर्षभर डायक्लोफेनॅक किंवा कॉक्सिब घेतलं तर सुमारे तिघांना जास्तीचा गंभीर झटका येतो, आणि त्यातला एक जिवावर बेततो. म्हणजे ९९७ जणांना त्या बाबतीत गोळीमुळे जास्तीचं काही होत नाही. पण हा आकडा सगळ्यांत सारखा वाटलेला नसतो. तो वयस्क, मधुमेही, रक्तदाबाच्या, हृदयरोगाच्या लोकांत दाटलेला असतो, आणि भारतात सांधे दुखणारी माणसं बहुतेक हीच असतात. शिवाय गोळी घेणारे कोट्यवधी असतात तेव्हा हजारात तीन ही छोटी संख्या राहत नाही. तरुण, निरोगी माणसाने मुरगळलेल्या पायासाठी तीन दिवस आयब्युप्रोफेन घेतलं तर मी त्याला अडवणार नाही. माझं म्हणणं त्याच्या आजोबांविषयी आहे.

दुसरा आक्षेप माझ्याच आजाराच्या लोकांकडून येतो, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. आम्हाला पर्याय काय? पॅरासिटामॉलने हा मणका सैल होत नाही, हे मी स्वतःच्या शरीरावरून सांगू शकते. काही काळ असंही मानलं जात होतं की गोळी रोज, न चुकता घेतली तर मणक्याची हाडं एकमेकांना जुळणं मंदावतं. २००५ मधल्या एका चाचणीने तसं सुचवलं होतं. पण पुढे २०१६ मध्ये जर्मनीतल्या दोन वर्षांच्या चाचणीत रोज डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांना गरजेपुरतं घेणाऱ्यांपेक्षा तो फायदा मिळालेला दिसला नाही. म्हणून आता मी या बाजूला आहे: आजार भडकलेला असेल तेव्हा पूर्ण मात्रा, पुरेसे दिवस, अर्धवट न सोडता, शांत असेल तेव्हा सगळ्यात कमी मात्रा, आणि जमलं तर काहीच नाही. हालचाल हे या आजारात औषधच आहे, पोहणं आणि पाठीचे व्यायाम गोळ्यांची संख्या खरोखर कमी करतात. आणि गोळ्या पुरत नसतील तर जैविक औषधांचा विचार करायला उशीर करू नये. अ‍ॅडालिमुमॅबची स्वस्त आवृत्ती भारतात २०१४ पासून मिळते, ती अजूनही अनेकांना महाग आहे, पण पूर्वीसारखी आवाक्याबाहेर नाही. जोपर्यंत गोळी चालू आहे तोपर्यंत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि रक्तदाब यांची तपासणी ठरलेल्या अंतराने करून घेणं मी गोळीचाच भाग मानते. उलट्या-जुलाब सुरू झाले, पाणी पोटात ठरेना, की त्या दिवशी गोळी बंद. पाठ दुखेल, पण मूत्रपिंड वाचेल. ओमेप्रझोलचा गट वर्षानुवर्षं घेतला तर ब१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, म्हणून तीही विचारून घ्यायची गोळी आहे. गुडघे किंवा हाताचे सांधे दुखणाऱ्यांना तर गोळीआधी एक पायरी असते, ती म्हणजे डायक्लोफेनॅकचा मलम. लावलेल्या औषधातलं फार थोडं रक्तात जातं, आणि गुडघ्यांच्या झिजेत अनेक देशांची मार्गदर्शक तत्त्वं आता मलमाला गोळीच्या पुढे ठेवतात. मणक्यासारख्या खोल सांध्यात त्याचा उपयोग नाही, पण गुडघेदुखीच्या आजीला तो आधी मिळायला हवा.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड आहे. ऊसतोड करणारी बाई पहाटेपासून वाकून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि एक दिवस पडून राहिलं तर खाडा धरला जातो. तिला 'विश्रांती घ्या, व्यायाम करा, मात्रा कमी करा' असं सांगणं म्हणजे तिची परिस्थिती न पाहता बोलणं. तिच्यासाठी गोळी ही मजुरी टिकवण्याची किंमत आहे. हे मी मान्य करते, आणि म्हणूनच म्हणते की तिच्या शरीराचं रक्षण तिच्या एकटीच्या शहाणपणावर सोडता येत नाही. तिच्या बाबतीत सगळे धोके एकत्र आलेले असतात: ऊन, घाम, कमी पाणी, आधीचं कमी हिमोग्लोबिन, रिकाम्या पोटी घेतलेली गोळी, आणि कधीही न मोजलेला रक्तदाब. मध्य अमेरिकेतल्या ऊस कामगारांमध्ये मूत्रपिंडाचा आजार मोठ्या प्रमाणावर दिसल्यावर तिथे उष्णता आणि पाण्याच्या कमतरतेबरोबर वेदनाशामकांवरही संशय घेतला गेला. प्रश्न पूर्ण सुटलेला नाही, पण सावली, ठरावीक अंतराने विश्रांती आणि पिण्याचं पाणी यांची सोय तिथल्या काही कारखान्यांनी केली. आपल्याकडे गाळप हंगामात फडावर फार तर आरोग्य शिबिर येतं, गोळ्यांची पाकिटं वाटून जातं. त्या शिबिरात आधी रक्तदाब मोजायचा, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन तपासायचं, बाई गरोदर आहे का, बीपीची गोळी घेते का हे विचारायचं, आणि मग गुडघ्या-मनगटांसाठी मलम किंवा साधं पॅरासिटामॉल हातात ठेवायचं, हे अशक्य नाही. त्याला मोठं यंत्र लागत नाही, मोठा डॉक्टर लागत नाही. फडावर पाण्याचा टँकर कारखान्याच्या खर्चाने उभा करायला लागतो, आणि दुपारच्या उन्हात तासभर कोयता खाली ठेवला तर तो खाडा धरायचा नाही, हे मुकादमाला करारातच लिहून द्यावं लागतं.